दोन मिनिटांची मुदत

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आमच्या काही व्यापारी बंधूंस नवल वाटेल. स्मरणिकेच्या पानांत बाजारपेठेची परिस्थिती, करविषयक कायदे, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे ह्यांविषयी लिहावे, हे रीतीस धरून आहे. सुरतेच्या एका गल्लीतील सँडविचच्या दुकानाविषयी कोणी तीन-चार पाने खर्ची घालावी, हे तितकेसे रीतीस धरून नाही. तथापि व्यवहारातील मोठ्या गोष्टी पुष्कळदा लहान दुकानांतच उघड्या पडतात, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्या गोष्टीविषयी आम्हांस लिहावयाचे आहे ती त्या दुकानापुरती नसून तुमच्या-आमच्या पेढीपर्यंत येऊन पोहोचणारी आहे. म्हणून वाचकांनी थोडे सहन करावे, ही विनंती.

खानदेशातील कापडाच्या व्यापाऱ्यास सुरत परकी नाही. भुसावळ-सुरत लोहमार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबार ही गावे मागे टाकीत उधन्यास उतरावे, रिंग रोडवरील बाजारांत दिवसभर ताके पाहावेत, अडत्याकडे हिशेब करावा आणि गाठोड्यांची बिल्टी खिशात घालून परत फिरावे, हा क्रम आमच्यापैकी अनेकांच्या घरी दोन-दोन पिढ्या चालू आहे. सुरतेच्या यंत्रमागांवर, लिंबायत-उधना भागांत, आपल्याकडील इतकी माणसे पोटासाठी जाऊन राहिली आहेत की तेथे मराठी बोलणारा शोधावा लागत नाही. खाण्याच्या बाबतीत तर त्या नगरीची कीर्ती म्हणीत जाऊन बसली आहे. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण गुजरातीत बोलली जात असली, तरी तिचा पूर्वार्ध खरा असल्याची साक्ष आमचे मराठी सभासदही देतील. घारी, लोचो, पोंक, उंधियू ह्यांची नावे घेतली तरी पुरे.

पाव हा मात्र सुरतेच्या स्वयंपाकघरातून निघालेला पदार्थ नव्हे. तो वखारींतून आला. इंग्रजांपाठोपाठ डचांनी तेथे वखार घातली आणि त्यांच्या टोपीवाल्यांना रोजचा पाव लागे म्हणून भट्ट्या पेटल्या. डच गेल्यावर त्या भट्ट्या पारशी कारागिरांकडे राहिल्या असे सांगतात, आणि नानपुरा भागातील दोतीवाला बेकरी आपला आरंभ १८६१ सालचा सांगते. त्या काळी पाव फुगविण्यासाठी ताडी वापरीत, म्हणून गावातील सोवळे लोक त्यास शिवत नसत. पुढे सुरती नानखटाईने ती अढी मोडली, अशी कथा आहे. सँडविच हे नाव तर विलायतेतील एका उमरावाचे. अठराव्या शतकातील हा जॉन माँटेग्यू पत्त्यांच्या डावावरून उठावे लागू नये म्हणून दोन पावांच्या मध्ये जेवण घालून मागवी, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो. ह्या पदार्थाचा जन्मच मुळी वेळ वाचविण्याच्या हव्यासातून झाला, इतके तीवरून दिसते. त्याच पदार्थासाठी माणसाने पाऊण तास ताटकळत उभे राहावे, ह्यात थोडा विनोद आहे खरा.

पाव मुळीच वर्ज्य मानणारी घरे आपल्या समाजात आहेत, हे आम्ही विसरलो नाही. त्यांच्या नेमाची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु बाजाराच्या दिवशी, दोन प्रहरी जेवण चुकलेले असताना, कांदा-लसूण व कंदमूळ वगळलेले सँडविच घेऊन वेळ साधणारे सभासदही थोडे नाहीत. अशा सँडविचला सर्वत्र 'जैन सँडविच' म्हणतात. हे नाव आता इतके रुळले आहे की ज्यास आपल्या आचाराची काहीच माहिती नाही असा दुकानदारही ते फळ्यावर लिहून मोकळा होतो. त्याची समजूत अशी की बटाट्याचे काप काढून टाकले आणि कांदा घातला नाही म्हणजे काम झाले. त्याच सुरीने, त्याच फळीवर, नुकताच कांदा चिरलेला असतो. हिरव्या चटणीत आले-लसूण वाटलेले असते. बीट तर लाल रंगाचे म्हणून भाजीत गणले जाते, ते जमिनीखालचे आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. अशा ठिकाणी 'जैन' ह्या शब्दाने ग्राहकाचे समाधान होते, नेम मात्र राहत नाही.

ज्या दुकानाविषयी आम्ही लिहीत आहोत ते ह्याहून वेगळे आहे, आणि म्हणूनच ते लिहिण्याजोगे आहे. त्याचे नाव आम्ही देत नाही. बाजाराच्या मागील बाजूस, तीन माणसे उभी राहिली की चौथ्यास रस्त्यावर थांबावे लागेल एवढी त्याची जागा आहे. मालक स्वतः गल्ल्यापाशी नव्हे तर फळीपाशी उभा असतो. त्याच्या हाताखाली एकच मुलगा, तोही नंदुरबारकडचा. आम्ही आपसांत बोलू लागताच त्याने अहिराणी वळणाच्या मराठीत गावाची चौकशी केली. दुकानात दोन फळ्या आहेत. एकीवर कांदा, बटाटा, बीट चिरले जाते. दुसरी वेगळ्या फडताळावर असते व तिच्यावर केवळ काकडी, टोमॅटो, सिमला मिरची आणि उकडलेली कच्ची केळी. सुऱ्या दोन, चटणीची भांडी दोन. दुसऱ्या भांड्यातील चटणी कोथिंबीर, मिरची, लिंबू आणि शेंगदाण्याची. आले नाही, लसूण नाही. आम्ही मुद्दाम विचारले, तेव्हा मालकाने झाकण काढून चमचाभर हातावर दिली आणि वर सांगितले की सकाळी वाटलेली आहे, कालची नव्हे. हातातील साचेही भाजण्यापूर्वी तो पुसून घेतो. जैन मागणी आली की तो हात धुतो. हे सर्व आम्ही उभे राहून पाहिले, कारण पाहण्यास वेळ भरपूर होता.

१९९४ साली सुरतेत प्लेगाचा हाहाकार झाला आणि लोक गाव सोडून पळाले, हे आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. त्यानंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव ह्यांनी जी झाडलोट आरंभिली तिच्यात खाद्यपदार्थांच्या दुकानांवरही कडक नजर ठेवली होती. लहान दुकानदाराला शिस्त लागत नाही, हा समज त्या शहराने तेव्हाच खोटा ठरविला. आम्ही पाहिलेल्या दुकानातील घासलेली फळी आणि झाकलेली भांडी ही त्याच सवयीचा अवशेष असावीत, असे आम्हांस वाटले.

आता उशिराची गोष्ट. मार्गशीर्षातील दिवस होते. खरेदी आटोपून आम्ही चौघे सव्वापाचाच्या सुमारास त्या दुकानी गेलो. आमच्यापैकी एक वयोवृद्ध सभासद नित्य चौविहार करणारे. सूर्यास्तापूर्वी अन्नपाणी उरकून पच्चक्खाण घेण्याचा त्यांचा नेम कित्येक वर्षांचा आहे. त्या दिवशीचा सूर्यास्त सहाला पाच मिनिटे कमी असताना होता, हे त्यांनी सकाळीच पंचांगात पाहून ठेवले होते. मागणी सांगून आम्ही मालकास विचारले, किती वेळ लागेल? त्याने मान वर न करता उत्तर दिले, 'बस, बे मिनिट, काका.'

पाच वाजून तीस मिनिटांनी पुन्हा विचारले, पुन्हा दोन मिनिटे. पावणेसहाला विचारले, तेव्हाही दोन मिनिटेच. ताटली हाती आली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. आमच्या वृद्ध सोबत्यांनी हात जोडले, आपले सँडविच शेजारी गाठोडे टेकून उभ्या असलेल्या हमालास दिले आणि चौघांचे पैसे स्वतः चुकते केले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात ते एवढेच म्हणाले, 'त्याने पाऊण तास लागेल असे म्हटले असते, तर मी समोरच्या दुकानी दूध घेऊन मोकळा झालो असतो.'

ह्या एका वाक्यात आमच्या लेखाचा सारा विषय आहे. पाऊण तास लागला, ही तक्रार नव्हे. पाऊण तास लागणार हे सांगितले गेले नाही, ही आहे. आणि ते सांगता येण्याजोगे होते. आम्ही गेलो तेव्हा आमच्या पुढे चौदा सँडविचे व्हावयाची होती, हे मुलाच्या चिठ्ठ्या मोजून आम्ही पाहिले. कापणे, लावणे, भाजणे, पुन्हा कापणे ह्यांत एकास सरासरी अडीच मिनिटे लागत होती. चौदास अडीचने गुणले तर पस्तीस येतात. ज्या मनुष्यास दिवसाकाठी किती पाव लागतील ह्याचा अंदाज अचूक करता येतो, त्यास हा गुणाकार येत नाही असे कोण म्हणेल? त्याला तो करावयाचा नव्हता. खरा आकडा ऐकून ग्राहक निघून जाईल, ही भीती त्यास असते. आणि 'दोन मिनिटे' ह्या शब्दांनी त्यास अडकवून ठेवता येते. एकदा मनुष्य दहा मिनिटे उभा राहिला की मग झालेल्या खर्चाच्या मोहाने तो आणखी वीस मिनिटे उभा राहतो. ही युक्ती आहे, आणि ती चांगली युक्ती नाही.

सुरतेत ही गोष्ट विशेष खटकते, ह्याचे कारण त्या शहराचा इतिहास. सतराव्या शतकात तेथील वीरजी व्होरा ह्या जैन श्रेष्ठींचे नाव इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत पुनःपुन्हा येते. खुद्द कंपनीने त्यांच्याकडून मोठमोठाली कर्जे काढली. १६६४ च्या लुटीत त्यांच्या वाड्यावर काय प्रसंग आला, ते मराठी वाचकांस नव्याने सांगणे नको. अशा सावकारांच्या पेढ्यांवर सुरतेची हुंडी दूरदूरच्या बाजारांत चालत असे. ती चालत असे ती कशाच्या बळावर? कागदाच्या नव्हे, मुदतीच्या बळावर. दर्शनी हुंडी दाखविताच पटली पाहिजे आणि मुदती हुंडी तिच्या दिवशी. मुदत साठ दिवसांची असली म्हणून कोणी सावकारास मंद म्हणत नसे. साठाव्या दिवशी पैसे मिळाले की त्याची पत शाबूत. मुदत लांब असणे हा दोष नव्हताच. सांगितलेली मुदत चुकणे हा दोष होता, आणि त्यास दिवाळे म्हणत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही मुदतीच्या कागदास तीन दिवसांची सवलत ठेविली, पण ती कागदावर लिहिलेल्या तारखेनंतरची तीन दिवसांची. तारीखच नसावी असे कोणी सुचविले नाही.

त्या सँडविचवाल्याची हुंडी मुदती होती, पण तो ती दर्शनी म्हणून खपवीत होता. त्याच्या मालात खोट नव्हती, वजनात नव्हती, भावात नव्हती. खोट होती ती एवढीच.

आमच्या सोबत्यांपैकी एक तरुण सभासद ह्यावर तत्काळ म्हणाले की ह्यास उपाय सोपा आहे. दुकान मोठे करावे, माणसे वाढवावी, पदार्थ कमी करावे आणि यंत्रे आणावी. ह्या विचारसरणीचा मोठा इतिहास आहे. १९४८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो गावी मॅक्डोनल्ड नावाच्या दोघा भावांनी आपले चालते उपाहारगृह काही काळ बंद ठेवून पुन्हा नव्या पद्धतीने उघडले. पदार्थांची यादी पंचवीसवरून नऊवर आणली, वाढपी काढून टाकले, ताटल्या काढून टाकल्या, स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली. त्यांचे पदार्थ सामिष, आपल्या उपयोगाचे नव्हेत. पण व्यवस्था अभ्यासण्याजोगी होती. अर्ध्या मिनिटात पुडके हाती पडावे, असा त्यांचा प्रयत्न. मात्र ही गती कशी साधली ते पाहावे. प्रत्येक पुडक्यात तीच चटणी, तीच मोहरी, तोच कांदा आणि लोणच्याचे तेच दोन काप. मला कांदा नको, असे म्हणणाऱ्यासाठी त्या रचनेत जागाच ठेविली नव्हती. कारण असा एक मनुष्य आला की साखळी थांबते.

आमच्या तरुण मित्रांनी येथे क्षणभर थांबावे. वेग हा निवड काढून टाकल्याने येतो. आणि जगातील कोणत्याही स्वयंपाकघरात सर्वांत आधी जी निवड काढून टाकली जाईल, ती आपली असेल. आपण दुकानी जाऊन जे मागतो, ते म्हणजे दुसरी फळी, दुसरी सुरी, दुसरी चटणी आणि धुतलेला हात. हे चारही विलंबाचे प्रकार आहेत. तेच हवेत आणि दोन मिनिटांतही हवे, असे मागणे म्हणजे तलम सुताचे कापड जाड सुताच्या वेगाने विणून मागणे. मागावरील मनुष्य हो म्हणेल. कापड पाहून मग आपणच कपाळास हात लावू.

ह्याचा अर्थ असा नव्हे की मंदपणा हाच काही सद्गुण आहे. इटलीत १९८६ पासून कार्लो पेत्रिनी ह्यांच्या पुढाकाराने सावकाश भोजनाची एक चळवळ उभी राहिली आणि ती पुष्कळ देशांत पसरली. तिच्यात विचार आहे, पण तिचे काही भक्त उशिराचेच कौतुक करू लागतात, ते आम्हांस मान्य नाही. गल्ल्यावरचा मनुष्य भ्रमणध्वनीत डोके घालून बसला आहे, सुट्टे पैसे नाहीत, पाव संपला म्हणून मुलगा आता धावत गेला आहे, हा विलंब काही कलेचा भाग नव्हे. तो केवळ गबाळेपणा होय. आम्ही पाहिलेल्या दुकानात तो प्रकार नव्हता. फळीवरील हात एक क्षणही थांबला नाही. कामामुळे होणारा उशीर आणि कामाच्या अभावामुळे होणारा उशीर हे दोन्ही घड्याळात सारखेच दिसतात, पण दुकानात चार मिनिटे उभे राहिले की त्यांतील भेद आंधळ्यासही कळावा.

एक गोष्ट मात्र आम्हांस त्या दुकानी विशेष टोचली. पस्तीस मिनिटांच्या हिशेबास पन्नास मिनिटे कशी झाली? तर मध्ये दोन वेळा गल्ल्यावरील यंत्राची घंटा वाजली आणि कोणा दूरस्थ ग्राहकांची सहा सँडविचे आमच्या आधी भाजली गेली. ती न्यावयास आलेले दुचाकीस्वार दाराशी उभे. मालकास विचारता त्याने सांगितले की घरपोच मागणीस उशीर झाला तर दुकानाची पत यंत्रावर उतरते, पुढील मागण्या कमी येतात. समोर उभा असलेला मनुष्य मात्र रागावला तरी कोठे लिहून ठेवीत नाही. उत्तर प्रामाणिक होते. पण त्यात जी उलटापालट आहे ती आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. जो पायी चालत आला, पुढे उभा राहिला, दुकानाकडे पाहून ज्याने विश्वास ठेवला, तो मागे. आणि ज्याने दुकानाचे तोंडही पाहिले नाही, तो पुढे. शिवाय त्या दूरच्या मागणीवर दुकानदारास दलाली द्यावी लागते, समोरच्यावर नाही. कापडाच्या पेढीवर रोखीने माल नेणारा गिऱ्हाईक बसवून ठेवून दलालामार्फत आलेल्याचा ताका आधी फाडावा, असाच हा प्रकार. मार्च २०२२ मध्ये झोमॅटो कंपनीने दहा मिनिटांत अन्न पोहोचविण्याची योजना जाहीर केली, तेव्हा रस्त्यावरील स्वारांच्या जिवाविषयी देशभर चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मनुष्याविषयी कोणी चर्चा केल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या मते दुकानदाराने घरपोच मागण्या घ्याव्यात, त्यावाचून आज त्याचा निभाव लागणे कठीण आहे; मात्र चिठ्ठी रांगेच्या शेवटी लावावी, आणि त्या यंत्रावरही वेळ खरी सांगावी.

येथपर्यंत वाचून आमच्या सभासदांस समाधान वाटले असेल, कारण दोष सारा सँडविचवाल्याचा निघाला. पण त्या नंदुरबारच्या मुलाने निघताना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आम्ही त्यास सहज विचारले की इतकी गर्दी असता मालक आणखी एक माणूस का ठेवीत नाही? तो म्हणाला, गर्दी दिसते तेवढे पैसे येत नाहीत. बाजारातील पेढ्यांवर रोज चाळीस-पन्नास सँडविचे जातात, खरेदीस आलेल्या गिऱ्हाइकांच्या खातिरीसाठी. ती सारी खात्यावर. वही महिन्याची, पण पैसे महिन्याने येत नाहीत. मालक वसुलीस गेला की गुमास्ता सांगतो, शेठ बाहेर गेले आहेत, दोन दिवसांनी ये. काही खाती दिवाळीच्याही आधीची आहेत. पाववाल्यास, लोणीवाल्यास आणि भाजीवाल्यास मात्र रोजच्या रोज रोख द्यावे लागते.

दोन मिनिटे आणि दोन दिवस! वाचकहो, ह्या दोहोंत काही नाते दिसते काय?

सँडविचवाला 'दोन मिनिटे' म्हणतो, तेव्हा आपण घड्याळ पाहतो. पेढीवरून 'दोन दिवस' म्हटले जाते, तेव्हा घड्याळ पाहणाऱ्याची पाहण्याची प्राज्ञा नसते. कापडाच्या धंद्यात ही सवय किती खोल गेली आहे, ते आम्ही सांगावे असे नाही. साठ दिवसांच्या बोलीचे पैसे नव्वद दिवसांनी, नव्वदच्या बोलीचे दीडशे दिवसांनी; मध्ये वटाव कापून घ्यावयाचा, मालात डाग निघाला म्हणावयाचे, आणि विणकराने दोनदा फोन केला की त्यासच उतावळा ठरवावयाचे. लहान उद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते व्हावे, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने ठरविले. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. सतरा वर्षे बाजाराने त्याकडे विशेष लक्ष दिले नाही. मग २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकराच्या ४३ ब कलमात भर घातली आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे त्या मुदतीत न दिल्यास ते त्या वर्षीच्या खर्चात धरू नये, प्रत्यक्ष दिले जाईल त्या वर्षी धरावे, असे ठरविले. २०२४ च्या आरंभी सुरतेच्या कापड बाजारात ह्या कलमाने केवढी खळबळ उडविली ते सर्वांस ठाऊक आहे. मागण्या रद्द झाल्या, माल परत गेला, निवेदने गेली, मुदतवाढ मागितली गेली. ती निवेदने करणारांच्या अडचणी खऱ्या होत्या, कारण पुढच्याने पैसे दिल्याविना मागच्यास देता येत नाही. पण एवढे दिसून आले की वेळेवर पैसे देण्याची सक्ती होताच अख्खा बाजार हादरतो. म्हणजे हा बाजार दुसऱ्याच्या थांबण्यावर उभा होता.

सँडविचवाला काही कोठे नोंदणी करून कलमाचा आधार घेऊन पेढीवर येणार नाही. त्याची वही शाळकरी मुलाच्या वहीसारखी, तेलकट कोपऱ्यांची. तीत पेढीचे नाव, तारीख आणि नग एवढेच लिहिलेले असते. अशा खात्यावरील रक्कम पेढीच्या एका दिवसाच्या उलाढालीत दिसणारसुद्धा नाही. पण त्या दुकानात ती एका माणसाचा महिन्याचा पगार असते. तो दुसरा माणूस फळीपाशी उभा असता, तर अडीच मिनिटांचे काम दीड मिनिटात झाले असते; चौदा सँडविचांस एकवीस मिनिटे लागली असती; आणि ती आगंतुक सहा मध्ये घुसली असती तरी आमच्या वृद्ध सोबत्यांची ताटली पावणेसहाच्या सुमारासच हाती आली असती. हा हिशेब आम्ही परतीच्या गाडीत त्यांनाच करून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, 'त्या वहीत आपल्या अडत्याचे नाव आहे का, ते मुलास विचारले का?' विचारले होते. होते.

पुढील खेपेस अडत्याच्या पेढीवर सँडविच मागविले जाईल, तेव्हा त्याचे पैसे आपण स्वतः तेथल्या तेथे मुलाच्या हाती द्यावेत, असे आम्ही चौघांनी ठरविले आहे. अडत्यास ते आवडणार नाही. पाहुण्याने पैसे काढणे त्यास अपमानासारखे वाटेल. त्यास तसे वाटल्यास त्याने मागील बाकी काढून द्यावी, आमची हरकत नाही. सुरतेस जाणाऱ्या इतर सभासदांनीही बसल्या पेढीवर एवढी चौकशी करावी: हे जे समोर आले, त्याचे पैसे कधी जातात? मार्गशीर्ष-पौषात जाणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांस सूर्यास्ताचा नेम आहे त्यांनी, डब्यात खाखरे ठेवावेत आणि त्या दुकानी जावयाचे तर चारच्या आत जावे. चटणी उत्तम आहे. मालक 'बे मिनिट' म्हणेलच. त्याच्यापुढील चिठ्ठ्या मोजून, अडीचने गुणून, तो आकडा त्यास मोठ्याने सांगावा. आम्ही तसे केले तेव्हा तो हसला, आणि मागे उभ्या असलेल्या दोघांस त्याने प्रथमच सांगितले की पाऊण तास लागेल. त्यांतील एक निघून गेला. दुसरा थांबला.